समुद्राऐवजी लसूण

बियाण्याच्या कंपनीच्या विभागीय साहेबाने मला फसवलं. समुद्र दाखवतो म्हणून थायलंडला नेलं आणि लसूण दाखवून परत आणलं. बायकोही सोबत होती, म्हणजे फसवणूक दोघांची झाली. पण तिला विचाराल तर ती म्हणते, मला कोणी फसवलं नाही, मी मजेत होते. मुख्य साक्षीदारच असा उलटल्यामुळे हा खटला मी कित्येक वर्षं एकटाच चालवतो आहे.

आधी समुद्राचं सांगतो, कारण भांडण त्याचंच आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला माझं लग्न झालं तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीत राहत होतो. धंदा म्हणजे एक सायकल आणि तिच्या कॅरिअरला बांधलेली पेटी. पेटीत फवारणीच्या पंपाचे वायसर, नोझल आणि नळीचे तुकडे. बाजाराच्या दिवशी सेलूला पोतं अंथरून बसायचो. नव्या नवरीला फिरायला कुठे नेणार? बोर धरण जवळ होतं, तिथे नेलं. भिंतीवर उभी राहून ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "समुद्र एवढाच असते का हो?"

"याच्याहून मोठा. पलीकडचा काठच दिसत नाई."

"तुमी पाह्यला?"

"तर!"

मी नागपूरच्या पुढे गेलो नव्हतो. पण लग्नाला महिनाही झाला नव्हता, अशा वेळी माणूस नाही कशाला म्हणेल? वर आणखी म्हणालो, "दाखवीन तुले." गिऱ्हाइकाला 'उद्या माल येते' म्हणायची जी सवय होती, त्याच सवयीत बोलून गेलो. गिऱ्हाईक विसरतं. बायको विसरली नाही. पोतं गेलं, हिंगणीत टपरी आली. टपरी गेली, वर्ध्याला बियाणं-औषधांचं दुकान आलं. वर्ध्याला लागूनच पिपरी मेघेला घर बांधलं. प्रत्येक पायरीवर तिने एकदा विचारलं, "आन समुद्र?" आणि मी म्हणालो, "या साली नाई, पुढच्या साली."

हे सगळं मी कोणाच्या मेहेरबानीने उभं केलं नाही. माझा एकच नियम होता. सौदा झाला तरी वरून काहीतरी घेतल्याशिवाय उठायचं नाही. भाजी घेतली की वरून कोथिंबीर, कापड घेतलं की वरून पिशवी. घराच्या विटा घेतल्या तेव्हा वीटभट्टीवाल्याची वापरात नसलेली खाट वरून मागितली होती. त्याने चिडून दिली. ती खाट अजून आहे. वरून मिळालेली वस्तू किती कामाची, हा प्रश्न नसतो. मागितली आणि मिळाली, त्यातच खरी गोडी. माझ्या तापट स्वभावाचाही त्यात उपयोग होतो. मी आवाज चढवला की समोरचा कंटाळून म्हणतो, घे बाबा आणि जा.

बीटी कापूस नुकताच आला होता, त्या काळातली गोष्ट. बियाण्याच्या कंपन्या दुकानदारांसाठी स्कीम काढू लागल्या होत्या. एवढा माल उचला, घड्याळ घ्या. आणखी उचला, टीव्ही घ्या. आमच्या कंपनीने त्या वर्षी थायलंड काढलं. वर्ध्याच्या एका लॉजच्या हॉलमध्ये विभागीय साहेबाने पडदा लावून चित्रं दाखवली. निळा समुद्र, वाकलेलं नारळाचं झाड, पांढरी वाळू. मी हिशेब मांडला, गावोगाव फिरलो, माल खपवला आणि यादीत नाव आलं. आता समुद्र माझ्या हातात होता. तेवढ्यावर गप्प बसलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण बायकोला घरी ठेवून एकट्याने समुद्र पाहायचा, हेही मनाला पटत नव्हतं आणि नियमही आड येत होता.

साहेब दुकानात तिकिटाचे कागद घेऊन आला तेव्हा मी चहा मागवला आणि विचारलं, "साहेब, वरून काय?"

"वरून?" साहेब हसला. "शेठ, विमानात बसवून राह्यलो, परदेशात नेऊन राह्यलो, आता वरून काय पाहिजे तुमाले?"

"बायको."

"तिथली?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मी भडकलो. "माही! घरची! तिले घेतल्याशिवाय मी येत नाई, आन मी आलो नाई तं पुढच्या साली तुमचा माल माह्या दुकानात येत नाई."

साहेबाने स्कीमचे नियम काढले. मी गावोगाव खाल्लेली धूळ काढली. चहा दुसऱ्यांदा आला. एकदा मी कागद त्याच्याकडे भिरकावले, एकदा तो उठून दारापर्यंत गेला. मग फोन करायला बाहेर गेला आणि आत येऊन एकदम म्हणाला, "ठीक हाये शेठ. वहिनी वरून. आता खुश?"

नवशिक्या दुकानदारांना मी नेहमी सांगतो की अडलेला सौदा एकाएकी सुटला तर हात आखडा, कुठेतरी पाणी मुरतं आहे. त्या दिवशी मी हात आखडला नाही. उलट साहेबाच्या पाठीवर थाप मारली.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती खूश होईल असं वाटलं होतं. ती भाकरी थापत होती. तिने विचारलं, "म्हंजे मी कोथिंबीर?"

"अवं, फुकट जाऊन राह्यली तू. परदेशात."

"फुकट म्हंजे कोथिंबीरच. आन भाजी कोन? तुमी?"

तरी तिने तयारी केली. दशम्या, ठेचा, लोणचं, चिवडा. समुद्रात पाय बुडवायचे म्हणून एक जुनं लुगडंही बॅगेत ठेवलं, खाऱ्या पाण्याने चांगलं खराब होऊ नये म्हणून. ते लुगडं मला अजून आठवतं. माझ्या खटल्यात तेवढा एकच पुरावा होता.

कलकत्त्याहून विमान होतं. खाली बंगालचा उपसागर येणार हे मला माहीत होतं, म्हणून विमानतळावर खिडकीच्या जागेसाठी मी काउंटरवरच्या मुलीशी असा भांडलो की आमच्यातले दोन दुकानदार मला ओळखत नसल्यासारखे दूर जाऊन उभे राहिले. जागा मिळाली. खिडकी अगदी विमानाच्या पंखावर होती. पंख केवढा, तर सेलूच्या बाजाराचं मैदान.

"हे काय हाये?" बायकोने विचारलं.

"पंख."

"आन समुद्र?"

"पंखाखाली."

ती कपाळ काचेला टेकवून सगळा उपसागर संपेपर्यंत पंख पाहत राहिली. मी म्हणालो, "जाऊ दे, खाली उतरल्यावर जवळून पाहू."

बँकॉकला उतरल्यावर दोन बस उभ्या होत्या. एकीत नारळाची झाडं छापलेले सदरे घातलेले आमचे बाकी दुकानदार चढले. ती बस समुद्राकडे गेली. दुसरीत आम्ही दोघं आणि आणखी थोडे लोक, सगळे जोडीने आलेले किंवा म्हातारे. आमची बस निघाली ती उत्तरेकडे. मी सूर्याकडे बघून दिशा ओळखतो. तासाभराने उठलो आणि आमच्यासोबत दिलेल्या दुभाषी मुलीला विचारलं. माझी इंग्रजी औषधांच्या डब्यांवर झालेली. 'पॉयझन', 'शेक वेल बिफोर यूज' आणि 'कीप अवे फ्रॉम चिल्ड्रन' एवढी मला पक्की येते. त्यात 'सी' कुठे बसवायचं हे कळेना. शेवटी हाताने लाटा करून दाखवल्या. तिला वाटलं मला बस लागते आहे. तिने प्लास्टिकची पिशवी दिली.

दिवसभर बस चालली. डोंगर आले, सागवान आलं, मक्याची शेतं आली. संध्याकाळी ज्या गावात उतरलो ते पाहून मला क्षणभर वाटलं, ड्रायव्हर चुकून सेलूला आला. एकच मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, दुकानांत खताची पोती, पंप, ताडपत्र्या. लोक चौकात उभे राहून पावसाच्या अंदाजाने आभाळाकडे बघत होते, आपल्या गावांत बघतात तसेच. शेतमाल भरलेल्या गाड्या, धूळ, एका खांबाखाली झोपलेला कुत्रा. माझ्याच धंद्याची दुकानं, माझ्याच धंद्याचा वास. फोरेटसारख्या कीटकनाशकाचा वास कोणत्याही देशात फोरेटचाच असतो. मी वर्धा जिल्ह्यातून विमानात बसून वर्धा जिल्हा पाहायला आलो होतो.

हॉटेलातून साहेबाला फोन लावला. तिकडून लाटांचा आवाज येत होता, तो मी नीट ऐकला.

"साहेब, ही कोनती बॅच हाये?"

"शेतकरी अभ्यास बॅच, शेठ. मक्याचं बीजोत्पादन पाहा, लसूण पाहा. मस्त गाव हाये."

"मी समुद्राचा माल खपवला! लसणाचा नाई!"

"आवाज तुटून राह्यला शेठ. येताना दाखवतो समुद्र, वहिनीले सांगा." आणि फोन बंद.

मी बायकोला तसंच सांगितलं. येताना. तिने लुगडं बॅगेच्या तळाशी सारलं आणि विचारलं, "इथं बाजार कवा भरते?"

बाजार पुढच्या सकाळीच भरला. बायका ओळीने बसलेल्या. पालेभाज्या, बांबूचे कोंब, वाळवलेल्या मिरच्या आणि चिंचा. त्या भागातली चिंच गोड असते. गोड म्हणजे खजुरासारखी. बायकोने एक फोडून तोंडात टाकली आणि तिचा विश्वासच बसेना. मी ठरवलं, समुद्राचा राग इथे काढायचा. बसलेल्या बाईला भाव विचारला. तिने कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला. मी निम्मा दाबला. ती हसली आणि आपला आकडा परत दाबला. मी थोडा चढवला. ती हसली. आपल्याकडे एवढ्यात तिने माझे आणि माझ्या खानदानाचे वाभाडे काढले असते, मी तिच्या मालाचे काढले असते, आणि सौदा रंगात आला असता. ही नुसती हसते! मी आवाज चढवला, वऱ्हाडीत चार शब्द सुनावले. ती आणखी हसली. बहुतेक तिला ते गाणं वाटलं असावं.

मग मी शेवटचं हत्यार काढलं. "नको तुही चिंच!" म्हणून पाठ फिरवली आणि चालू लागलो. आमच्या बाजारात अशी पाठ फिरवली की पाचव्या पावलाला हाक येते, 'या ना शेठ, काऊन रागावता?' मी हळू चाललो. आणखी हळू चाललो. एका टोपल्यापाशी थांबून उगाच बांबूचे कोंब पाहिले. बाजार संपला, पुढे नदी आली, हाक आली नाही. नदीपाशी मी किती वेळ उभा होतो कोणास ठाऊक. परत आलो तेव्हा बायको त्या बाईच्या शेजारी पाटावर बसली होती आणि दोघी मिळून चिंचा फोडत होत्या.

"झाला राग?" बायकोने विचारलं. "द्या तिले पैसे."

मी तिने सांगितलेल्या भावाने दिले. आणि तेव्हा त्या बाईने काय केलं, तर ओंजळभर चिंचा उचलल्या आणि बायकोच्या पदरात टाकल्या. वरून. न मागता. मी आयुष्यभर घसा कोरडा करून जे मिळवलं ते हिला नुसतं बसल्याने मिळालं. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पदराला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी लसूण. एका शेतकऱ्याच्या घरी नेलं. घर खांबांवर उभं, खाली मोकळी जागा आणि तिथे छतापासून लसणाच्या जुड्या टांगलेल्या, वटवाघळांसारख्या उलट्या. शेतकरी आम्हाला रोग, पाणी, जाती सांगत होता, मी वहीत लिहीत असल्याचं दाखवत होतो. अंगणाच्या कोपऱ्यात खांबावर छोटंसं देऊळ होतं, आपल्या शेतातल्या देवासारखं. बायकोने तिथे हात जोडले आणि घरधनिणीचं मन तिथेच जिंकलं. तिने बायकोला चटईवर बसवून जुड्या बांधायला शिकवलं. बायकोने ठेच्याची डबी उघडली. त्या बाईने चिकट भाताचा गोळा ठेच्यात बुडवून खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि आणखी मागितला.

मग बायकोने दुभाषी मुलीला जवळ बोलावलं. हाताने पाणी दाखवलं, दोन्ही हात लांब पसरले, आणि त्या बाईकडे बोट केलं. ही लाटांची भाषा माझ्यापेक्षा तिला बरी आली. मुलीने विचारलं. त्या बाईने मान हलवली, नवऱ्याकडे तिरपं पाहिलं आणि काहीतरी म्हटलं. मुलगी हसू लागली आणि नकार, नवरा, लग्नाचा हार, लाटा असं सगळं हाताने करून दाखवलं.

बायको मला म्हणाली, "आयकलं का? हिनंबी नाई पाह्यला. हिच्या नवऱ्यानंबी लग्नात सांगतलंतं, दाखवीन म्हून."

दोघी हसत हसत एकमेकींच्या अंगावर पडल्या. तो शेतकरी आणि मी लसणाकडे पाहू लागलो. त्या क्षणी त्याच्या लसणाच्या जातीत मला खरोखर रस वाटू लागला होता.

पुढचे दिवस मी हात चोळत काढले आणि तिने त्या घरी काढले. मका पाहायला ती आलीच नाही. निघताना त्या बाईने लसणाची एक मोठी जुडी दिली, हिने ठेच्याची डबी आणि ते जुनं लुगडं दिलं. मी म्हणालो, "अवं, लुगडं काऊन देतं? येताना समुद्र हाये ना?" ती म्हणाली, "तुमाले अजून वाटते?"

समुद्र नव्हताच. बस थेट विमानतळावर. तिथे साहेब आणि त्याची बॅच उन्हाने तांबडी होऊन उभी होती. साहेबाच्या हातात एक मोठा शंख. तो पुढे आला, वाकला आणि बायकोला म्हणाला, "भाभीजी, ये लो, समुद्र. कानाले लावून आयका."

मी तो शंख त्याच्या हातातून हिसकला. फेकणार होतो, बायकोने मनगट धरलं. मी ओरडलो, "साहेब, मले फसवलं तुमी!"

"मी?" साहेबही आता तापला. "शेठ, समुद्राच्या बॅचमधी एक एकच जागा होती. तुमालेच वहिनी फुकट पाहिजे होती. जोडीवाल्या बॅचमधी समुद्र नाई, हे कागदावर लिवलं होतं. कागद वाचला काऊन नाई?"

"कागद मी तुमच्या तोंडावर फेकलाता!"

"मंग? फेकलेला कागद कोन वाचते?"

लोक जमले. आमचे दुकानदार पुन्हा मला ओळखेनासे झाले. बायको बॅगेवर बसून शंख कानाला लावून ऐकत होती.

"काय आयकू येते?" मी खेकसलो.

"तुमीच," ती म्हणाली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. साहेब निवृत्त होऊन सिंदी मेघेला राहतो. भाजी बाजारात भेटतो, हसतो, "शेठ, लसूण कसा हाये?" विचारतो. मी प्रत्येक वेळी त्याला समुद्राची आठवण करून देतो. मधल्या काळात आमची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. जावई दरवर्षी म्हणतो, मामा, चला, कोकणात जाऊन येऊ. मी नाही म्हणतो. कारण सरळ आहे. माझ्या खर्चाने किंवा जावयाच्या गाडीने समुद्र पाहिला तर साहेब सुटला. दावा मिटला. मग मी बाजारात त्याला काय तोंडाने अडवू? ज्याने कबूल केला त्याच्याकडूनच माल घ्यायचा, हा धंद्याचा नियम आहे. हे मी बायकोला नीट समजावून सांगितलं. ती ओट्यापाशी लसूण सोलत होती. त्या जुडीतल्या पाकळ्या तिने मागच्या अंगणात लावल्या होत्या. आपल्या उन्हात तो लसूण बारीक येतो, पण येतो.

ती म्हणाली, "साहेबानं एकदा कबूल केला. तुमी धरणावर कबूल केला, त्याच्या किती आंगुदर. मंग मी कोनाले धरू?"

मी म्हणालो, "साहेबाले."

"मी तुमाले धरलं," ती म्हणाली. "तुमी साहेबाले धरा, नाई तं देवाले धरा. पन या दिवाळीले जावई येते, तवा मी गाडीत बसतो. तुमी या नाई तं खटला चालवत राहा."

म्हणून हे लिहितो आहे, आणि जाहीर लिहितो आहे. सिंदी मेघेच्या त्या निवृत्त साहेबाला माझं सांगणं आहे की दिवाळी जवळ आली आहे. ती गाडीत बसली तर माझा दावा बुडेल आणि धरणावर मी समुद्र पाहिल्याचं सांगितलं होतं, तेही तिच्या नजरेत खोटं ठरेल. तेव्हा त्यांनी दिवाळीच्या आत पिपरी मेघेला यावं, माझ्या ओट्यावर माझ्या बायकोसमोर उभं राहावं आणि सांगावं की समुद्र कुठे आहे. मला नका सांगू. मला शंख नको, लसूण नको. तिने विचारलं आहे, तिला उत्तर द्या. मी पंचवीस-तीस वर्षं देऊ शकलो नाही, आता तुमची पाळी आहे.